थोरल्या भाऊजींची करवत

थोरल्या भाऊजींचा फोन आला तेव्हा माझे हात साबणाचे होते, म्हणून तो आमच्या ह्यांनी उचलला. पुढचं सगळं त्यातून झालं. मी उचलला असता तर काहीतरी गुळमुळीत बोलून ठेवून दिला असता. गुळमुळीत बोलण्यावर मी संसारातली निम्मी संकटं परतवली आहेत. ह्यांना ते जमत नाही. मोठ्या भावाचा आवाज ऐकला की सत्तरी उलटलेला हा माणूस खुर्चीतून उठून उभा राहतो. फोनवरसुद्धा.

"हो दादा. आहे की. माळ्यावर आहे. चालू? हे काय विचारणं झालं? एकदम चालू आहे. ये ना. रविवारी? या नाही, पुढच्या. बरं, त्याच्या पुढच्या. हो हो, तयार ठेवतो."

फोन ठेवल्यावर हे तसेच उभे राहिले.

"काय चालू आहे आपल्याकडे?" मी विचारलं. आमच्या घरात एकदम चालू असं काही असल्याचं मला तरी माहीत नव्हतं.

"दादाची करवत."

आता ही करवत म्हणजे साधी नव्हे. पेट्रोलवर चालणारी, दात असलेली साखळी गरगर फिरवून ओंडका कापणारी. भाऊजींची लाकडाची वखार होती. आमच्या अंगणातलं झाड एकदा वाऱ्यानं आडवं झालं, तेव्हा भाऊजी ती करवत घेऊन आले, दुपारच्या आत झाडाचे तुकडे केले, हात धुतले, जेवले आणि जाताना म्हणाले, "राहू दे इथे, अजून फांद्या आहेत, लागेल." ती राहिली. फांद्या संपल्या, भाऊजींची वखार बंद झाली, आमची मुलगी लग्न होऊन गेली, करवत माळ्यावर राहिली. दुसऱ्याची वस्तू म्हणून आम्ही ती इतकी जपून ठेवली होती की तिला कुणी हातही लावला नव्हता.

"तुम्ही शेवटची कधी चालवलीत ती?"

"चालवायची कशाला? ती चालूच असते. दादाची आहे."

भाऊजींच्या अंगणातलं मोठं झाड पडलं होतं. घर बांधलं तेव्हा त्यांनीच लावलेलं. मुलांनी ठेकेदार ठरवला होता, तो माणसं घेऊन आलाही होता. भाऊजींनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. माझं झाड मी कापणार आणि माझ्या करवतीनं कापणार, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजला. या वेळी मी उचलला. पलीकडे धो धो पाणी पडत होतं आणि त्यातून थोरल्या जाऊबाई कुजबुजत होत्या.

"धाकटे, मी बाथरूममधून बोलतेय. नळ सोडलाय, त्यांना ऐकू जायला नको म्हणून. खरं सांग, ती करवत चालू आहे का?"

"नसावी हो ताई."

"देव पावला. तशीच ठेव."

"पण ह्यांनी शब्द दिलाय."

"अगं, हात कापतात त्यांचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात तरी निम्मा बशीत. दाढी मुलगा करून देतो. डॉक्टर म्हणाले, पायरीसुद्धा एकट्यानं उतरायची नाही. आणि हा माणूस करवत धरणार? पाय जाईल एखादा. माझी झोप उडालीय."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर उद्या कुऱ्हाड घेऊन बसतील. तुला माहीत नाहीत का ते? करवत बंद निघाली तर तो करवतीचा दोष. त्यांचा नाही. कळलं का?"

मला कळलं. एवढं आयुष्य या घराण्यात काढल्यावर न कळून कसं चालेल?

"ह्यांना सांगू का?"

"मुळीच नको. तुझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. दादा म्हटलं की सगळं बाहेर." एवढं बोलून त्यांनी नळ बंद केला आणि फोनही.

अशा रीतीनं एका करवतीवर आम्ही नवराबायको दोन बाजूंनी बसलो. हे ती चालू करायला, मी ती बंद ठेवायला. ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

करवत माळ्यावरून काढली. हे स्टुलावर, मी स्टूल धरून. लग्न झाल्यापासून माझ्याकडे हेच खातं आहे. खाली आल्यावर तिच्यावरची धूळ पुसली तेव्हा कळलं की ती एके काळी लाल होती. मग ह्यांनी ती अंगणात नेली, पाय रोवले, आणि सुरू करायची दोरी खेचली. दोरी मुठीसकट हातात आली. बाकीची करवत जिथल्या तिथे राहिली.

"एवढंच ना," हे म्हणाले. "दोरी बदलली की झालं."

मी मनातल्या मनात दोरीचे आभार मानले.

दोरी हातात येताच समोरचे साहेब आले. हे साहेब कुठल्याशा खात्यात होते. कुठल्या, ते मला आजवर नीट समजलेलं नाही. पण आपण आता त्या खात्यात नाही हे त्यांनाही अजून नीट समजलेलं नाही. हात पाठीमागे बांधून ते कुठेही पाहणी करतात. आमच्या पाण्याच्या टाकीची करतात, दुधवाल्याच्या सायकलीची करतात. करवतीभोवती त्यांनी एक फेरी मारली.

"दोरीचा प्रश्न नाही हा," साहेब म्हणाले. "आतून साफ करावी लागेल. नुसतं उघडायचं, नुसतं पुसायचं, नुसतं बंद करायचं."

या 'नुसतं'नं आमच्या घराची जेवढी धूळधाण केली तेवढी वाऱ्यापावसानंही केलेली नाही. हे करवत घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. दोरी जिच्यावर गुंडाळलेली असते त्या चाकाचं झाकण नुसतं उघडलं, आणि आतून एक लांबलचक पोलादी स्प्रिंग सळसळत बाहेर आली, टेबलावरून उडाली, मीठदाणी घेऊन खाली पडली आणि कपाटाखाली जाऊन थरथरत राहिली. ती सगळी त्या वाटीएवढ्या झाकणात मावली कशी होती, हे ह्यांना, साहेबांना आणि मला अजून उमगलेलं नाही. पेट्रोलची नळी बघू म्हणून बोट लावलं तर तिचा बिस्किटासारखा चुरा झाला. कार्बोरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होते तो डबा, तो माझ्या चांगल्या वाटीत पेट्रोल घालून बुडवून ठेवला. ती वाटी मी नंतर कशाकशानं घासली. अजून तिच्यातून काही खाल्लं तर मोटारीतून प्रवास केल्यासारखं वाटतं.

आणि मग सुरू झाली नमुन्यांची यात्रा.

तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊन जुन्या यंत्राचा भाग मागा, दुकानदार एकच सांगणार: सॅम्पल आणा. सॅम्पल नेलं की म्हणणार, ठेवून जा, बघून ठेवतो. असं करत स्प्रिंग एका दुकानात राहिली, दोरीचं चाक दुसऱ्यात, नळीचे उरलेले दोन तुकडे कागदाच्या पुडीतून तिसऱ्यात. कार्बोरेटर तर पार नदीपलीकडच्या दुकानात मुक्कामाला गेला. भाऊजींची करवत साऱ्या शहरात राहायला गेली आणि आमच्याकडे तिचा सांगाडा उरला.

स्प्रिंगच्या दुकानात मीही गेले होते. दुकानदारानं ती हातात घेतली.

"कशाची आहे ही?"

"करवतीची," हे म्हणाले.

"करवतीला स्प्रिंग कशाला?"

त्यानं हे इतक्या मनापासून विचारलं की ह्यांनाही क्षणभर शंका आली. मग त्यानं शेजारच्या दुकानांतून माणसं बोलावली. प्रत्येकानं ती स्प्रिंग ताणली, सोडली, एकानं हुंगली. शेवटी सगळ्यात वयस्क होता तो म्हणाला, "अशी येते. पण अशी नाही येत." बाकीच्यांनी माना हलवल्या. आम्हीही हलवल्या. दुसरं काय करणार?

साहेब म्हणाले, "तुम्ही चुकीच्या मार्गानं जाताय. रीतसर कंपनीच्या अधिकृत दुकानात जा." म्हणून आम्ही सांगाडा पिशवीत घालून रीतसर गेलो. काचेचं दार, आत गारठा, टेबलामागे एक मुलगी. तिनं आधी मला बसवलं. मोठ्या आवाजात, सावकाश, "आजी, बसा इथे," असं. मला ऐकू उत्तम येतं. पण पांढरे केस दिसले की लोक आपोआप ओरडू लागतात.

"मशीनचा नंबर?"

"पुसला गेलाय."

"मॉडेल?"

"लाल," हे म्हणाले.

"लाल असं मॉडेल नाही."

"आता उडालाय रंग. पण लाल होती."

तिनं बरीच बटणं दाबली. "सिस्टीममध्ये असं मशीन दिसत नाही."

"अहो, हे काय, टेबलावर दिसतंय."

"इथे दिसतंय हो काका. सिस्टीममध्ये नाही दिसत."

मग आतल्या साहेबांना भेटलो. ते अत्यंत सभ्य होते. सभ्य माणसाकडून नकार ऐकायला दुप्पट वेळ लागतो. त्यांनी सांगितलं की इतक्या जुन्या मशीनचे भाग मागवायचे तर खास विनंती करावी लागते, आणि ती विनंती ज्यांच्या नावावर मशीन आहे त्यांनी स्वतः इथे येऊन करायची असते.

"दादानं? इथे?" ह्यांचा चेहरा उतरला.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्या गारठ्यात, सांगाडा मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे बघून तो काही झाला नाही.

यानंतर समोरच्या साहेबांनी भंगार बाजार सुचवला. तसंच एक मेलेलं मशीन आणा, त्याचे अवयव हिला लावा, असं. ह्यांना ते पटलं, आणि संध्याकाळी हे दुसरी करवत घेऊन आले. हीही एके काळी लाल होती. एवढंच साम्य. हिचे स्क्रू तिला बसेनात, तिचं झाकण हिला बसेना. जेवणाच्या टेबलावर आता दोन मढी, आणि आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून जेवतोय. जाऊबाईंना मी रोजचा हालहवाल कळवत होते. नळाच्या आवाजातून त्यांचं समाधान मला ऐकू येई. "छान चाललंय," त्या म्हणत. "असंच चालू दे."

छान काही चाललं नव्हतं. हे जेवेनासे झाले. पेपर उलटा धरून बसायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर हे हातातला पान्हा खाली ठेवून म्हणाले, "दादानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही गं. माझी फी त्यानं भरली, नोकरीला चिकटवलं त्यानं, या घराची दारंखिडक्या त्याच्या वखारीतली. आज पहिल्यांदा काही मागितलं, तर तेही त्याचंच. आणि ते मी मोडून ठेवलंय."

मला वाटलं सांगून टाकावं. अहो, ती बंदच असलेली बरी, तुमच्या दादाच्या भल्यासाठीच. जिभेवर आलं होतं. पण मग बशीत सांडलेला चहा डोळ्यांपुढे आला आणि मी तोंड मिटलं. दोन्ही बाजूंनी माणसं आपलीच असली की मधल्या माणसाच्या कपाळी फक्त डोकेदुखी येते. मी त्या दिवसांत डोकेदुखीच्या गोळ्यांवर होते.

आणि त्या गोळीच्या गुंगीतच मला उद्यावाले आठवले.

बाजारात, जिन्याखालच्या गाळ्यात त्यांचं दुरुस्तीचं दुकान. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, स्कूटर, काहीही घेतात. परत मात्र काही देत नाहीत. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत ते "उद्या या" म्हणतात, म्हणून गावानं त्यांना तेच नाव दिलं. आमचा मिक्सर त्यांच्याकडे टाकला तेव्हा आमची मुलगी कॉलेजात होती. आता तिची मुलगी कॉलेजात आहे. जाता येता तो मिक्सर मला फळीवर दिसतो. बरा आहे.

विचार करा, याहून चांगलं काय? करवत चालू नाही असं नव्हे, बंद आहे असंही नव्हे. करवत दुरुस्तीला दिली आहे. यात कुणाचीच मान खाली जात नाही. आमच्यासारख्यांच्या घरात निम्म्या वस्तू या अवस्थेत सुखानं नांदतात.

"मी बघते काय ते," मी ह्यांना म्हटलं. "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे." हे इतके थकले होते की कोण म्हणून विचारलंही नाही.

मी दुकानादुकानांतून नमुने गोळा केले. कुठेही काहीही बघून ठेवलेलं नव्हतं. मग दोन्ही मढी जुन्या चादरीत गुंडाळून मोठ्या पिशवीत घातली आणि बसनं निघाले. पिशवीतून दातेरी साखळीची पट्टी हातभर बाहेर येत होती. बसमध्ये मला ताबडतोब बसायला जागा मिळाली. शेजारी मात्र शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. कंडक्टरनं लांबूनच तिकीट दिलं आणि सुटे पैसे मागितले नाहीत. म्हातारपणी एवढा मान मला पहिल्यांदाच मिळाला.

उद्यावाल्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. "आजी, हे कशाला हवंय तुम्हाला?"

"घाई नाही," मी म्हटलं.

"उद्या या."

मी इतक्या समाधानानं घरी कधीच परतले नव्हते.

दोन-तीन दिवस गेले. रविवार आला होता जवळ. झाली नाही हे एकदा कानांनी ऐकून यावं, म्हणजे तसं प्रामाणिकपणे सांगता येईल, म्हणून मी संध्याकाळी बाजारात गेले. कोपऱ्यावर वळले आणि पाय थबकले. साऱ्या गल्लीत घरघराट भरला होता. उद्यावाले दुकानासमोर भर रस्त्यात उभे, दोन्ही हातांत भाऊजींची करवत, तोंड वरच्या मजल्याच्या खिडकीकडे. माणूस इतका सुखी मी क्वचितच बघितलाय.

भानगड अशी होती की त्यांच्या दुकानावर नव्यानं व्हायोलिनचा क्लास सुरू झाला होता. शिकणारे सगळे नवखे. संध्याकाळभर वरून जे काही खाली येई ते सहन करता करता उद्यावाल्यांचं डोकं फिरायची वेळ आली होती. त्यांनी मास्तरांना सांगून बघितलं, जागेच्या मालकाला सांगून बघितलं. आणि नेमकं त्याच वेळी मी त्यांच्यापुढे शहरातलं सगळ्यात कर्कश यंत्र नेऊन ठेवलं.

"आजी, जेवलो नाही दोन दिवस," ते अभिमानानं ओरडले. "स्प्रिंग स्वतः वळली. नळी स्कूटरची घातली. कार्बोरेटर त्या दुसऱ्या मशीनचा बसवला, थोडा घासून. साखळीपर्यंत सगळं सोडलं, पुसलं, परत चढवलं. आता त्यांचा सराव सुरू झाला की माझाही सुरू."

"ठेवा की मग तुमच्याकडेच," मी घाईनं म्हटलं. "महिनाभर ठेवा. नीट पारखून घ्या."

"मीही तेच म्हणत होतो. पण मालक आत्ताच येऊन गेले. हे मशीन आज गेलं नाही तर दुकान जाईल म्हणाले." त्यांनी खेदानं करवत बंद केली. वरून लगेच व्हायोलिन ऐकू येऊ लागलं. "चला, मीच घरी पोचवतो."

"आणि माझा मिक्सर?"

"उद्या या."

ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाची इस्त्री परत दिली नव्हती, तो आमच्या दारात करवत घेऊन स्वतः आला. ह्यांनी अंगणात दोरी खेचली. पहिल्याच हिसक्याला ती सुरू झाली. ह्यांनी उद्यावाल्यांना मिठी मारली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं."

मी फोन केला. "ताई, चालू झाली."

पाण्याच्या आवाजातून जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्यावर सोडलं होतं मी." आणि ठेवून दिला.

रविवारी ती दोघं मुलाच्या गाडीतून आली. भाऊजींनी वखारीतला जाड शर्ट घातला होता, पायात वखारीतलेच बूट. शर्ट आता अंगावर लोंबत होता. जाऊबाई माझ्याकडे न बघता आत आल्या. चहा दिला तेव्हा भाऊजींनी कप दोन्ही हातांनी धरला, तो बशीत सांडला, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"चला," भाऊजी म्हणाले. "बघू दे माझी करवत."

अंगणात साहेब आधीच हजर होते. त्यांनी कापून बघायला जुन्या खोक्याची फळी आणून दोन विटांवर ठेवली होती. ह्यांनी करवत सुरू केली आणि भाऊजींच्या हातात दिली. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं लागली मला, पण मी हात सोडवला नाही.

आणि मग एक झालं. यंत्राच्या थरथरीत भाऊजींच्या हातांची थरथर दिसेनाशी झाली. खांदे सरळ झाले. क्षणभर वखारीतले भाऊजी उभे होते, ओंडक्यांच्या राशीपुढे, भुशानं माखलेले, ज्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा ते. ह्यांचे डोळे भरून आले. जाऊबाईंचेही आले असावेत, पण ते वेगळ्या कारणानं.

भाऊजींनी करवत फळीवर टेकवली. धूर निघाला. जळक्या लाकडाचा वास आला. फळीवर एक काळी रेघ उमटली. फळी काही तुटेना. त्यांनी आणखी दाबलं. आणखी धूर. मग त्यांनी करवत बंद केली, खाली ठेवली, खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकून त्या साखळीकडे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं. हे दोन्ही हात पुढे धरून, वर्गात उत्तर चुकल्यासारखे उभे होते. मग भाऊजींनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते पुन्हा कापू लागले होते.

"लाकूड कडक आहे," भाऊजी म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी फळीकडे बघितलं. खोक्याची फळी होती ती. गुडघ्यावर धरून मीसुद्धा मोडली असती.

"फार कडक," भाऊजी म्हणाले. "इतकं कडक लाकूड वखारीतही कधी आलं नाही."

"मी म्हणणारच होतो," साहेब म्हणाले.

"आणि आमचं झाड तर याहून कडक. हिला आता नाही झेपायचं, वय झालं हिचं. पण चालू ठेवलीयस हां. काय आवाज आहे! माझ्याकडे असती तर गंजून गेली असती." त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. हे एकदम वीतभर उंच झाले. मग भाऊजी जाऊबाईंना म्हणाले, "त्या ठेकेदाराचा नंबर आहे का गं कुठे?"

"शोधावा लागेल," जाऊबाई म्हणाल्या. तो त्यांना पाठ होता.

निघताना हे आणि पुतण्या गाडीचं दार उघडत होते. भाऊजी माझ्या हाताचा आधार घेऊन पायरी उतरले आणि हळूच म्हणाले, "धाकटे, साखळी उलटी चढवलीय कुणीतरी. दात पाठमोरे बसलेत. जन्मभर घासलीस तरी लोणी कापणार नाही."

मी दचकले. "मग सरळ करून घेऊ का?"

"कशाला? बरी आहे. राहू दे तुमच्याकडेच. आणि ह्याला बोलू नकोस, फार खटपट केलीय त्यानं."

"ताईंना?"

"तिला तर नकोच. बाथरूममध्ये नळ सोडला की मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. वाटू दे."

आठवड्यानं जाऊबाईंचा फोन आला. पलीकडे पाण्याचा आवाज नव्हता.

"कापलं गं झाड. हे खुर्ची टाकून बसले होते सकाळपासून. ठेकेदारानं मशीन काढलं, तर ते मागून घेतलं, चष्मा लावला आणि साखळीचा एकेक दात बघितला. काय बघत होते देव जाणे. तो माणूस वैतागला. मग म्हणाले, ठीक आहे, लागा कामाला. दिवसभर हुकूम चालले होते, इथे कापा, तिथे नको."

"आणि?"

"शेवटी बुंधा राहिला. तेव्हा म्हणाले, हा मला दे. दोन माणसांनी दोन्हीकडून धरलं त्यांना. मुलगा माझ्याकडे बघत होता, आई काय म्हणते म्हणून. मी आत गेले आणि पडदा ओढून घेतला."

"कापलं का त्यांनी?"

"कापलं. आवाज बंद झाल्यावर बाहेर आले मी. हे भुशात बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, चहा टाक. तेवढंच."

मी फोन ठेवला. हे टेबलाशी बसून त्या दुसऱ्या करवतीचे उरलेले स्क्रू डबीत भरत होते.

"काय म्हणतात? झालं काम?"

"झालं. बुंधा भाऊजींनी स्वतः कापला म्हणे. ठेकेदाराच्या मशीननं."

हे हातातला स्क्रू धरून विचार करत बसले.

"म्हणजे लाकूड तेवढं कडक नव्हतं," हे म्हणाले. "आपल्या करवतीनंही कापलं असतं."

"असतं हो," मी म्हटलं.